शेवाळ, खराटा आणि बास्केटबॉल

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका निघायची होती. "बास्केटबॉल संघाचा इतिहास तुम्ही लिहा, दोन पानं पुरेत," असा निरोप आला. मी उत्साहाने हो म्हणून बसलो आणि मग लक्षात आलं, की लिहायला आधारच नाही. जिमखान्याच्या खोलीत पूर्वी एक जाडजूड रजिस्टर असायचं. दरवर्षीच्या संघातल्या मुलांची नावं, झालेले सामने, गुण, सगळं त्यात नोंदलेलं असे. २६ जुलै २००५ ला कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात पाणी भरलं. तळमजल्यावरची ती खोली बुडाली आणि रजिस्टरचा लगदा झाला. कपाटातले दोन करंडक तेवढे वाचले. पण त्यातला एक कबड्डीचा होता आणि दुसरा वक्तृत्वाचा!

कॉलेजचं नाव मुद्दामच सांगत नाही. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या बऱ्याच कॉलेजांना ही हकिकत थोड्याफार फरकाने लागू पडेल.

कागद नसला की इतिहास शोधायचा कुठे? मी जुलैतल्या एका सकाळी साडेसहाला कोर्टावर गेलो. दहा-बारा मुलं हाफपँटीत उभी होती, पण कोणाच्याच हातात चेंडू नव्हता. हातात खराटे होते. पावसाच्या पहिल्या महिन्यात काँक्रीटवर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकायची, अर्धा तास थांबायचं, मग खराट्याने घासून काढायचं. नव्या हंगामाची आमची तयारी १९८३ मध्ये अशीच सुरू झाली होती आणि आजही तशीच सुरू होते. घासताना शेवाळाखालून एकेक रंगीत रेषा वर येऊ लागली आणि मला वाटलं, हेच आपलं रजिस्टर.

रिंगच्या खाली एक फिकट समलंब चौकोन दिसत होता. आम्ही त्याला 'डी' म्हणायचो. हल्ला करणाऱ्या खेळाडूने त्यात तीन सेकंदांहून जास्त रेंगाळायचं नाही, असा नियम. आंतरराष्ट्रीय नियमांत हा आकार १९५६ पासून होता. त्याच्या बाहेरचा मोठा चाप म्हणजे तीन गुणांची रेषा. ही १९८४ मध्ये आली, तेव्हा तिचं अंतर होतं ६.२५ मीटर. मी शेवटच्या वर्षाला असताना आम्हीच तो चाप मारला होता. मधोमध एकाला दोरीचं टोक धरून उभं केलं आणि दुसऱ्याने ब्रश घेऊन अर्धी प्रदक्षिणा घातली. त्या चापाच्या बाहेर आणखी एक ताजा चाप आहे, ६.७५ मीटरचा. तो २०१० च्या नियमबदलानंतरचा. त्याच वर्षी समलंब चौकोन जाऊन साधा आयत आला. म्हणजे जुनी रेषा कोणी खरवडून काढली नाही, तिच्यावर नवी मारली. आमच्या संघाच्या तीन पिढ्या त्या काँक्रीटवर एकावर एक अशा पडून आहेत.

आता गंमत बघा. ज्या खेळासाठी आम्ही पावसात काँक्रीट घासत होतो, तो खेळ मुळात जन्मला हवामानापासून पळ काढण्यासाठी! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडातले शिक्षक होते. बर्फाच्या दिवसांत बाहेरचे खेळ बंद पडत आणि रोजच्या कवायतीला मुलं कंटाळत. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथना दोन आठवडे दिले आणि छपराखाली खेळता येईल असा खेळ शोधायला सांगितलं. नेस्मिथनी तेरा नियम लिहून काढले. शाळेच्या शिपायाकडे खोकी मागितली, ती नव्हती, म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून रिंग जगभर आजही दहा फुटांवरच असते. २१ डिसेंबर १८९१ ला नऊ-नऊ जणांचा पहिला सामना झाला. निकाल होता १-०.

या पहिल्या नियमांतली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढे लागणार आहे. चेंडू घेऊन पळायचं नाही. जिथे पकडला तिथूनच तो दुसऱ्याकडे टाकायचा. चेंडू आपटत पुढे जाणं, म्हणजे आज आपण ज्याला ड्रिबलिंग म्हणतो, ते त्या तेरा नियमांत नव्हतंच.

वायएमसीएच्या माणसांबरोबर हा खेळ जगभर गेला आणि आपल्याकडेही आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. तिथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी हा खेळ ठिकठिकाणच्या शाळा-कॉलेजांत नेला. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला व्यायामशिक्षकांची प्रशिक्षण संस्था सुरू केली. राष्ट्रीय स्पर्धा १९३४ पासून होऊ लागल्या आणि बास्केटबॉल फेडरेशन १९५० मध्ये स्थापन झालं. खेळ आला, नियम आले, शिक्षक आले. छप्पर मात्र आलं नाही! दोन खांब, दोन बोर्ड आणि वर उघडं आकाश, असंच बास्केटबॉल आपल्या बहुतेक कॉलेजांनी पाहिलं.

आणि इथेच आमच्या भागातली खरी अडचण सुरू होते. कॉलेजं उघडतात जूनमध्ये. प्रवेश संपेपर्यंत जुलै अर्धा जातो. विद्यापीठाचं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं पत्रक येतं आणि हंगाम पावसाच्या पाठोपाठ अंगावर येतो. मध्ये गणपती, मग परीक्षा. म्हणजे तयारीला जे आठ-दहा आठवडे मिळतात, ते नेमके आषाढ-श्रावणाचे. त्यात संघ दरवर्षी नवा. पदवीची तीन वर्षं झाली की मुलगा गेला. त्यामुळे प्रवेशाच्या रांगेशेजारी आमचे सीनियर उभे राहायचे आणि उंच मुलगा दिसला की त्याला गाठायचे. "बास्केटबॉल खेळतोस का?" "नाही." "मग उद्या सहाला ये." मलाही असंच गाठलं होतं. मी डोंबिवलीहून पहिल्या-दुसऱ्या लोकलने कल्याणला यायचो आणि आईला सांगायचो, सकाळचं जादा लेक्चर आहे.

ओल्या काँक्रीटवर चेंडू उसळत नाही, घसरतो. कातडी चेंडू पाणी पितो आणि दगडासारखा जड होतो, म्हणून पावसाळ्यात रबरी चेंडू काढायचा. पळताना पाय सटकला तर गुडघा सोलवटलाच. तेव्हा आमचे क्रीडाशिक्षक म्हणत, "पळायचं नाही, आपटायचं नाही. उभ्याने पास द्या." आम्ही पाच-पाचजण उभे राहून तासन्‌तास पास देत असू. छातीपासून, डोक्यावरून, पाठीमागून. पाऊस जास्तच झाला तर कॉलेजच्या व्हरांड्यात तेच. मग जिने चढायचे आणि उतरायचे. इतिहासाची पुस्तकं पुढे वाचली तेव्हा मला हसू आलं. पावसाने आम्हाला नकळत नेस्मिथच्या १८९१ च्या खेळात नेऊन ठेवलं होतं!

पावसाने बास्केटबॉलची फजिती फक्त कल्याणातच केली, असं मात्र नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. सामने उघड्यावर, मातीच्या मैदानांवर ठेवले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी मुसळधार पाऊस. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. आज एवढे गुण पहिल्या पाच-सात मिनिटांत होतात. त्या ऑलिंपिकला स्वतः नेस्मिथ हजर होते. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याच बर्लिनमध्ये हुतूतूची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आमच्या ठाणे जिल्ह्याने पुढे त्या मातीतल्या खेळावरच जास्त प्रेम केलं, हे कपाटातल्या करंडकानेही सांगितलंच आहे.

आता आमच्या सामन्याविषयी. स्पर्धा बाद पद्धतीची असे. दोन महिने शेवाळ घासायचं आणि चाळीस मिनिटांत घरी परतायचं, असा तो हिशेब. माझ्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोन सामने जिंकलो आणि तिसऱ्यासाठी मुंबईला गेलो. व्हीटीपर्यंत लोकलचा तासाभराहून जास्त प्रवास, बूट पिशवीत, बारा जणांत तीन डबे पोळीभाजी. समोरच्या संघात तीन मुलं नागपाड्याची होती. आम्ही ३१, ते ५२. आमचे पास चांगले होते, हे त्यांच्या प्रशिक्षकांनीही कबूल केलं. पण त्यांच्या मुलांच्या हातात चेंडू असा नांदत होता, जणू त्यांनी तो झोपतानाही उशाशी घेतला असावा.

परतीच्या गाडीत आमचा निष्कर्ष ठरला होता. त्यांच्याकडे सोयी आहेत, आपल्याकडे पाऊस आहे. कित्येक वर्षं मी तेच समजून चाललो. पुढे नागपाड्याचा इतिहास वाचला, स्वतः जाऊन पाहिलं, आणि ती समजूत गळून पडली.

पाऊस नागपाड्यातही पडतो, आणि तिथली कोर्टंही उघडीच. वस्ती दाट, घरं लहान. तिथे क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यकर्त्याने १९२७ मध्ये नेबरहूड हाऊस सुरू केलं. १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची संस्था, म्हणजे आजची टिस, पहिल्यांदा भरली ती याच वास्तूत. हे नेबरहूड हाऊस आणि जवळचं मस्तान वायएमसीए यांच्याभोवती बास्केटबॉल रुजला. बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी गल्लीतली पोरं घडवली. पालिकेच्या मैदानाला आज त्यांचं नाव आहे. याच मोहल्ल्यातले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. याचं रहस्य काय? कोर्ट संध्याकाळी उघडं असे. आठ वर्षांचा पोरगा कडेला बसून अठरा वर्षांच्या दादाचा खेळ बघे आणि दादा पाणी प्यायला गेला की चेंडू उचले. मे असो की नोव्हेंबर. तिथला मुलगा कॉलेजात येतो तेव्हा त्याच्या हाताला दहा वर्षांची सवय असते. आमचा मुलगा प्रवेशाच्या रांगेत पहिल्यांदा चेंडूचं नाव ऐकतो.

म्हणजे आमचं नडलं ते पावसाने नव्हे, कुलपाने. आमचं कोर्ट कॉलेज सुटलं की बंद. दिवाळीत बंद, उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद. वर्षातले जे आठ महिने कोरडे, त्यातला बराच काळ त्यावर कोणी नाही. आणि जो काळ ओला, त्यात आम्ही तयारीला उभे!

आता तर जागेचाच प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांच्या वर होती. बास्केटबॉलचं पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटर, म्हणजे ४२० चौरस मीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर साडेचार हजार चौरस फूट. पाचशे फुटांचे नऊ फ्लॅट बसतात तेवढ्यात. अशा गावांत मोकळं कोर्ट टिकणं हाच एक चमत्कार. आमच्या कोर्टावरही पावसाळ्यात दुचाक्या लावल्या जातात. मुलं सकाळी आधी राहिलेल्या गाड्या उचलून कडेला ठेवतात, मग खराटा घेतात.

त्या सकाळी घासून झाल्यावर मुलांनी मला विचारलं, "सर, आपलं कॉलेज कधी जिंकलंय का?" मी खरं ते सांगितलं. विभागाच्या पुढे आम्ही क्वचितच गेलो. मग त्यांना नेस्मिथची आणखी एक गोष्ट सांगितली. हा खेळ शोधणारा माणूस पुढे कॅन्सस विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. नऊ हंगामांत ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. त्या नामवंत विद्यापीठाच्या सगळ्या प्रशिक्षकांत जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेला तो एकटाच. पोरं मनापासून हसली.

स्मरणिकेची दोन पानं मी लिहून दिली. त्यात करंडक नव्हते, म्हणून रेषांविषयी लिहिलं आणि जुन्या मित्रांना फोन करकरून जमवलेली त्रेपन्न नावं छापली. सोबत प्राचार्यांना एक अर्जही दिला. संध्याकाळी दोन तास कोर्ट आसपासच्या शाळकरी मुलांसाठी उघडं ठेवावं, किल्लीची आणि देखरेखीची जबाबदारी आम्ही माजी खेळाडू घेऊ. पहारेकरी, वीजबिल, कोणी पडलं-झडलं तर काय, अशा सगळ्या शंका निघाल्या. शेवटी शनिवार-रविवारची परवानगी मिळाली, ऑक्टोबर ते मे.

पहिल्या शनिवारी चार मुलं आली. त्यातल्या दोघांना चेंडू रिंगपर्यंत पोचवताच येत नव्हता. ती दोघं कॉलेजात यायला अजून सात वर्षं आहेत.