अँटेना, केबल आणि मार्च महिन्यातलं बास्केटबॉल

मार्च महिना आला की अमेरिकेतल्या ऑफिसांत कामं जरा मंदावतात. आपल्याकडे वर्ल्ड कपच्या वेळी होतं तसंच. फरक इतकाच की इथे खेळणारी पोरं एकोणीस-वीस वर्षांची, कॉलेजातली असतात. हरला तो घरी, अशी तीन आठवड्यांची स्पर्धा. ह्यालाच 'मार्च मॅडनेस' म्हणतात. आणि दर वर्षी भारतातून नुकताच आलेला कोणीतरी मला हमखास विचारतो, "घरी केबल नाहीये, मॅच लाइव्ह कशी बघायची?"

उत्तर तसं दोन ओळींचं आहे. पण ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. आणि ते का बदलतं ह्याची गोष्ट ऐंशीहून जास्त वर्षांची आहे. ह्या वीकेंडला तीच.

टीव्हीवर दाखवलेली पहिली बास्केटबॉल मॅच कॉलेजचीच होती. २८ फेब्रुवारी १९४०, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पिट्सबर्ग विरुद्ध फोर्डहॅम. एनबीसीच्या डब्ल्यू२एक्सबीएस नावाच्या प्रायोगिक स्टेशनने ती हवेत सोडली. पिट्सबर्ग ५७-३७ ने जिंकलं. ज्याच्याकडे सेट होता त्याने अँटेना लावायचा आणि बघायचं. पैसे मागायला कोणी दारात येत नव्हतं, कारण हवेत सोडलेल्या सिग्नलला कुलूप लावायची सोयच नव्हती.

मग केबल कुठून आली? तर गंमत अशी की केबल आली तीच मुळी फुकटचा टीव्ही बघता यावा म्हणून. १९४८ च्या आसपास पेनसिल्वेनियातल्या डोंगराळ गावांत टीव्ही विकणाऱ्या दुकानदारांची पंचाईत झाली. फिलाडेल्फियाचा सिग्नल डोंगराआड अडायचा. चित्रच दिसत नाही तर सेट कोण घेणार? मग त्यांनी डोंगरमाथ्यावर मोठा अँटेना उभारला आणि तिथून वायर ओढत गावातल्या घरांपर्यंत आणली. 'कम्युनिटी अँटेना' हेच केबलचं जुनं नाव. म्हणजे सगळ्या गावाचा मिळून एक उंच अँटेना, बस्स.

हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९६८. त्या काळी मोठ्या नेटवर्क्सना कॉलेज बास्केटबॉलमध्ये फारसा रस नव्हता. एडी आइनहॉर्न नावाच्या एका उद्योगी माणसाने टीव्हीएस नावाची कंपनी काढून गावोगावच्या स्टेशनांना मॅचेस विकायला सुरुवात केली होती. २० जानेवारी १९६८ ला यूसीएलए विरुद्ध ह्यूस्टन ही मॅच ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये झाली. यूसीएलए सलग ४७ मॅचेस जिंकून आलेलं. त्यांच्याकडे ल्यू अल्सिंडर (हाच पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला), समोर ह्यूस्टनचा एल्विन हेज. ५२,६९३ माणसं स्टेडियममध्ये. बेसबॉलच्या त्या अवाढव्य मैदानात मधोमध बास्केटबॉलचं कोर्ट मांडलेलं, प्रेक्षक इतके लांब की खेळाडू त्यांना मुंग्यांएवढे दिसले असणार. हेजने ३९ पॉइंट्स काढले आणि ह्यूस्टन ७१-६९ ने जिंकलं. आइनहॉर्नने हक्कांसाठी मोजले होते सुमारे २७ हजार डॉलर. देशभर शंभराहून जास्त स्टेशनांवर मॅच दिसली. पुढच्याच वर्षी एनबीसीने स्पर्धेचे हक्क घेतले. २७ हजारांत केवढा बाजार दडलाय हे सगळ्यांना एका रात्रीत कळलं होतं.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टात एक निकाल लागला. वेस्ट व्हर्जिनियातल्या अशाच एका डोंगराळ भागातल्या केबल कंपनीवर (फोर्टनाइटली तिचं नाव) खटला होता. मालकांना न विचारता सिनेमे घरोघर पोचवता, म्हणून कॉपीराइटचे पैसे द्या, असं म्हणणं. कोर्ट म्हणालं, देणं लागत नाही. केबलवाला म्हणजे प्रेक्षकाचाच जरा चांगला अँटेना. पुढे १९७६ मध्ये संसदेने कॉपीराइटचा कायदा बदलून केबलवाल्यांना त्यात आणलं, तो भाग वेगळा.

१९७९ हे वर्ष मला ह्या सगळ्या इतिहासातला बिजागर वाटतं. मार्चमध्ये मॅजिक जॉन्सनचं मिशिगन स्टेट आणि लॅरी बर्डचं इंडियाना स्टेट ह्यांची फायनल एनबीसीवर झाली. रेटिंग २४.१, म्हणजे टीव्ही असलेल्या जवळजवळ दर चार घरांमागे एका घरात ती चालू होती. कॉलेज बास्केटबॉलला तेवढं रेटिंग त्यानंतर कधीच मिळालेलं नाही. आणि ती बघायला लागत होता फक्त अँटेना! त्याच वर्षी ७ सप्टेंबरला कनेटिकटमधल्या ब्रिस्टल नावाच्या छोट्या गावातून ईएसपीएन सुरू झालं. चोवीस तास खेळ दाखवायचे तर तेवढे खेळ आणायचे कुठून? १९८० पासून त्यांनी मार्च मॅडनेसच्या सुरुवातीच्या फेऱ्या दाखवायला घेतल्या, ज्यांच्याकडे नेटवर्क्स ढुंकूनही बघत नव्हती. भारतीय आयटी कंपन्यांनी गोऱ्यांना नको असलेली मेंटेनन्सची कामं घेऊन धंदा उभा केला, तसलाच प्रकार :)

पैशाचं गणित मात्र ह्याहून भारी होतं. ईएसपीएनने ऐंशीच्या दशकात केबल कंपन्यांकडून दर घरामागे दरमहा पैसे घ्यायला सुरुवात केली. ते घर खेळ बघतं की नाही ह्याच्याशी संबंध नाही. थाळीत कारलं असतं, तुम्ही खा नाहीतर ताटात टाका, बिलात ते धरलेलं असतंच. कॉलेजच्या मॅचेस ह्या थाळीतला महत्त्वाचा पदार्थ झाल्या.

स्पर्धा १९८२ पासून सीबीएसकडे होती आणि १९९१ पासून तर सगळ्याच्या सगळ्या मॅचेस. म्हणजे अँटेनावर फुकट. पण एका वेळी चार मॅचेस चालू आणि तुमच्या गावचं स्टेशन दाखवणार एकच. कुठली, ते नकाशा बघून ठरवणार. तुमचं कॉलेज मिशिगनमध्ये आणि नोकरी टेक्ससमध्ये असेल तर संपलं.

हा प्रश्न इंटरनेटने सोडवला. २००६ मध्ये सीबीएसने 'मार्च मॅडनेस ऑन डिमांड' फुकट केलं. त्याआधी त्याचे पैसे पडायचे. गावच्या स्टेशनवर नसलेली मॅच आता ब्राउझरमध्ये दिसायला लागली. सर्व्हर झेपणार नाहीत म्हणून आधी एका ऑनलाइन वेटिंग रूममध्ये बसवायचे, नंबर आला की आत. आणि एक 'बॉस बटण' होतं. साहेब मागून आले की दाबायचं, स्क्रीनवर खोटी स्प्रेडशीट! आमच्या धंद्यातल्या कोणा भल्या माणसाने पगार घेऊन ते फीचर लिहिलं असेल ह्याचा मला आजही आनंद होतो.

मी त्याच सुमारास इथे एम.एस. करायला आलो. चार जणांत एक अपार्टमेंट, केबलचं नाव काढायची सोय नाही. पण विद्यापीठाच्या नेटवर्कवर ईएसपीएन३६० नावाची साइट चालायची आणि सीझनभर मॅचेस दिसायच्या. लायब्ररीत दिसणारी मॅच घरी आलं की दिसायची नाही. मला वाटायचं, काहीतरी बँडविड्थची भानगड असेल. तसं काही नव्हतं. ती साइट प्रेक्षकाकडून पैसे न घेता त्याच्या इंटरनेट कंपनीकडून घ्यायची. कंपनीने पैसे भरले असतील तरच त्या आयपी अॅड्रेसला प्रवेश. विद्यापीठांची नेटवर्क्स मात्र मोकळी ठेवलेली. थोडक्यात काय, वायर गेली होती पण केबलचा करार तसाच्या तसा आयपी अॅड्रेसवर येऊन बसला होता. ह्या विषयात मला रस वाटायला लागला तो तेव्हापासून.

एप्रिल २०१० मध्ये सीबीएस आणि टर्नर ह्यांनी मिळून १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलर मोजून स्पर्धा घेतली. (आइनहॉर्नचे २७ हजार आठवा. आणि हेही आठवा की ह्यातला एक डॉलरही पगार म्हणून खेळणाऱ्या पोरांना जात नव्हता. त्यांना मिळायची स्कॉलरशिप. स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची मुभा २०२१ मध्ये मिळाली आणि कॉलेजने थेट पैसे द्यायला २०२५ उजाडलं.) २०११ पासून प्रत्येक मॅच देशभर दिसायला लागली, पण चार चॅनल्सवर: सीबीएस, टीबीएस, टीएनटी, ट्रूटीव्ही. पहिलं अँटेनावर, बाकी तीन केबलवर. नकाशाची कटकट संपली. सॉफ्टवेअर म्हणून तर त्या वर्षीची सेवा अव्वल होती. सगळ्या मॅचेस ऑनलाइन, फुकट, लॉगिनशिवाय. २०१२ मध्ये ३.९९ डॉलर लावले. २०१३ मध्ये काही तास तशीच बघायची मुभा आणि मग केबल कंपनीचा लॉगिन-पासवर्ड. म्हणजे केबल नसलेल्या माणसाने इंटरनेटवर मॅच बघण्यासाठी केबल घ्यायची!

सर्व्हर २००६ पेक्षा कितीतरी स्वस्त झाले होते, स्ट्रीमिंग सुधारलं होतं. तांत्रिक अडचण एकही नव्हती. टर्नरला दर घरामागे मिळणारे पैसे केबल कंपन्यांकडून यायचे आणि ऑनलाइन सगळं मोकळं सोडलं तर केबल कोण ठेवणार, एवढंच कारण.

ह्याला बगल द्यायचा एक सुंदर प्रयत्न झाला. भोपाळहून इथे शिकायला आलेल्या चेत कनोजिया ह्यांनी एरिओ काढली. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू. कल्पना अशी की प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा एक अँटेना भाड्याने द्यायचा, नाण्याएवढा. हजारो अँटेने एका इमारतीत, प्रत्येकाचा सिग्नल फक्त त्याच ग्राहकाला इंटरनेटवरून. दरमहा साधारण ८ डॉलर. इंजिनियर म्हणून बघितलं तर हा वेडेपणा. एक अँटेना सगळ्यांना पुरला असता. पण हे आर्किटेक्चर लिहिलं होतं १९७६ च्या कायद्याला समोर ठेवून. सीबीएसवरच्या मॅचेस तर अशा दिसल्या असत्याच. २५ जून २०१४ ला सुप्रीम कोर्टाने ६-३ ने निकाल दिला: तुम्ही केबल कंपनीसारखेच आहात, परवानगी घ्या. नोव्हेंबरमध्ये एरिओने दिवाळखोरी जाहीर केली. १९६८ मध्ये केबल म्हणजे अँटेना होती, २०१४ मध्ये अँटेना म्हणजे केबल झाला. कायद्याच्या दृष्टीने निकाल चूक होता असं मी म्हणणार नाही, पण हळहळ वाटते खरी.

आणि मग ४ एप्रिल २०१६. पुरुषांची फायनल पहिल्यांदाच केबलवर, टीबीएसला. व्हिलानोव्हा विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, ७४-७४, शेवटच्या क्षणी क्रिस जेंकिन्सचा लांबून मारलेला बॉल हवेत असताना वेळ संपली आणि बॉल आत. ७७-७४. असा शेवट फायनलला क्वचितच होतो. आदल्या वर्षी सीबीएसवरची फायनल सरासरी २ कोटी ८३ लाख लोकांनी बघितली होती, ही बघितली सुमारे १ कोटी ७८ लाखांनी. आठच दिवसांनी करार २०३२ पर्यंत वाढवल्याची घोषणा झाली, आणखी ८.८ अब्ज डॉलरला. बघणारे एक कोटीने कमी झाले तरी चालतं, घरामागचे पैसे येत राहिले पाहिजेत!

ह्याच्या उलट बायकांची फायनल २०२३ मध्ये एबीसीवर आली, म्हणजे अँटेनावर. २०२४ मध्ये केटलिन क्लार्कच्या आयोवाची साउथ कॅरोलायनाशी फायनल झाली, ती १ कोटी ८७ लाखांनी बघितली. दुसऱ्या दिवशीची पुरुषांची टीबीएसवरची फायनल १ कोटी ४८ लाखांनी. बायकांनी पुरुषांना मागे टाकलं हे पहिल्यांदाच घडलं. क्लार्कची जादू होतीच, सगळं श्रेय अँटेनाला देता येत नाही. पण जादू बघायला दार उघडं लागतं.

आपल्याकडे २००७ चा कायदा आहे, ज्यामुळे भारताच्या महत्त्वाच्या क्रिकेट मॅचेसचा सिग्नल खाजगी चॅनलला दूरदर्शनबरोबर वाटून घ्यावा लागतो. अमेरिकेत तसं काही नाही. इथली बरीच विद्यापीठं सरकारी, कराच्या पैशावर चालणारी, पण त्यांच्या मॅचेस घरी दिसाव्यात असा हक्क कोणालाही नाही.

असो. तर केबल नाहीये, काय करायचं? यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये ३५ डॉलरला आलं, जानेवारी २०२५ मध्ये ८२.९९ झालं, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये कॉलेज बास्केटबॉलचा सीझन सुरू होताना डिझ्नीशी पैशांवरून भांडण होऊन ईएसपीएन त्यावरून दोन आठवडे गायब होतं. अगदी जुन्या केबल कंपन्यांसारखं. ईएसपीएन ऑगस्ट २०२५ पासून सुटं मिळायला लागलं, २९.९९ डॉलर. बिग टेनच्या काही मॅचेस २०२३ च्या सीझनपासून फक्त पीकॉकवर. २०२५ च्या मार्चमध्ये टर्नरच्या मॅचेस मॅक्सवर होत्या, सीबीएसच्या पॅरामाउंट प्लसवर. थाळी मोडली, पण एकेका वाटीचा दर लावल्यावर बेरीज साधारण तेवढीच येते.

म्हणून मी विचारणाऱ्याला आधी एकदाच पैसे घालून अँटेना घ्यायला सांगतो. खिडकीला चिकटवायचा, सीबीएस आणि एबीसी फुकट आणि एकदम स्वच्छ. बायकांची फायनल त्याच्यावर दिसते. पुरुषांची विषम वर्षी दिसते. सम वर्षी ती टीबीएसवर असते, तेव्हा एक महिन्यापुरतं कुठलंतरी अॅप घ्या आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने बंद करा.