पार्टिंगची पट्टी

परवा अंबडला मामांच्या वर्कशॉपमध्ये हौसेने छोट्या लेथवर उभा राहिलो. एका शेतकऱ्याच्या पेरणी यंत्राची पिन हवी होती, तो बाहेरच थांबलेला. २० मि.मी.चा रॉड अर्धा कापला आणि कट्! पार्टिंग टूलची पट्टी तुटली, पिनही गेली. मामा म्हणाले, "एवढी बाहेर कशाला काढलीस रे?"

ही पट्टी होल्डरमध्ये का असते, यामागे मजेशीर इतिहास आहे. पूर्वी लोहार ठोकून अख्खं टूल एकाच पोलादाचं करायचा. मग १८६८ मध्ये मशेटचं स्टील आलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांच्या हायस्पीड स्टीलने लाल तापूनही धार टिकवून दाखवली. पण हे स्टील महाग! म्हणून धारेपुरती पट्टी महागाची आणि धरायला साधा होल्डर. आम्ही सॉफ्टवेअरवाले ह्यालाच मॉड्यूलर डिझाइन म्हणून मिरवतो.

पुढे १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली, तिच्या लेथवर कितीतरी टर्नर घडले. मामाही त्यातलेच.

त्यांचे नियम सोपे. होल्डर असा घ्यायचा की टूल पोस्टमध्ये बसवल्यावर धार बरोबर सेंटरला येईल. पट्टी जॉबला काटकोनात. बाहेर फक्त १२ मि.मी., म्हणजे अर्ध्या रॉडपेक्षा जरा जास्त. आणि तेल सोडत राहायचं.

दुसरी पिन निघाली. शेतकऱ्याने पैसे मामांना दिले, माझ्याकडे मात्र बघितलंसुद्धा नाही. बरोबरच आहे म्हणा!