सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांची १९८२ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली वाद्यसंगीताची तबकडी. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या सिंग यांनी भैरव, तोडी, मेघ मल्हार, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ठेका रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राचा, वरची सुरावट ज्युपिटर-८ या सिंथेसायझरची. पण तबकडीचा जीव आहे तो टीबी-३०३ या छोट्याशा बासयंत्रात. त्यात सोळा पायऱ्यांचा स्वरक्रम आधी भरून ठेवावा लागतो. 'स्लाइड' दिलेला स्वर पुढच्या स्वरावर तुटक न पडता घसरत जातो. रागसंगीतातल्या मींडेशी असलेले हे साम्य यंत्र घडवणाऱ्यांच्या मनातही नसावे! फिल्टरची कळ फिरवली की तोच स्वर कधी घोगरा, कधी चिरका होतो.

पुढे शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताची ओळख ठरला तो हाच आवाज. मात्र त्या शैलीचा आरंभ मानली जाणारी फ्यूचर या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आली १९८७ मध्ये, म्हणजे सिंग यांच्यानंतर पाच वर्षांनी. त्यावरून सिंग यांना अ‍ॅसिड हाउसचे जनक म्हणण्याची टूम निघाली. ती फसवी आहे. यंत्र एकच असले तरी परंपरा वेगळ्या, आणि सिंग यांच्या मनात होता तो डिस्कोच.

एचएमव्हीची मूळ तबकडी फारशी खपली नाही. डच संग्राहक एडो बाउमन यांना ती दिल्लीत सापडली. त्यांच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलने २०१० मध्ये ती विनाइलवर पुन्हा काढली आणि सत्तरीतल्या सिंग यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली.