तीव्र आयन झोत फुटतो का आणि सावरतो कसा?

आयनांचा झोत टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जाईल असे वाटते. पण उजेडाचे किरण एकमेकांना ढकलत नाहीत, आयन ढकलतात. सगळ्यांवर एकाच प्रकारचा विद्युतप्रभार असतो, त्यामुळे झोत जितका दाट तितका तो लवकर पसरतो. याला अवकाश प्रभार परिणाम म्हणतात.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातला ‘लेहिपा’ हा प्रोटॉन त्वरक ३० मिलिअँपिअरचा झोत २० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेण्यासाठी आखलेला आहे. थोरियमवर चालणाऱ्या त्वरकचलित अणुभट्टीकडे जाणारी ही पहिली पायरी. तिथे पुढे १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झोत लागेल, म्हणजे ३० मेगावॉट शक्ती. त्यातला मीटरमागे एक वॉट जरी नळीवर सांडू लागला, तरी यंत्र इतके किरणोत्सारी होते की दुरुस्तीसाठी हात लावणे कठीण. म्हणून झोत सांभाळायचा तो उगमापासूनच.

लेहिपाच्या उगमातून प्रोटॉन ५० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने निघतात. वेग सेकंदाला सुमारे ३,१०० किलोमीटर, प्रकाशाच्या जेमतेम एक टक्का. समांतर धावणारे प्रभार एकमेकांना चुंबकीय बलाने ओढतातही, पण या वेगाला ती ओढ ढकलण्याच्या दहा हजारांश असते. २० दशलक्षला ती सुमारे चार टक्के होते. थोडक्यात, खरी कसोटी सुरुवातीच्या संथ टप्प्यात.

तिथे नालकुंतल चुंबक झोत आवळतात. चुंबकीय क्षेत्र आयनांचा वेग वाढवत नाही, फक्त वाट वळवते. पुढे चतुर्ध्रुवी चुंबक येतात. ते एका दिशेने आवळतात तेव्हा दुसऱ्या दिशेने पसरवतात. म्हणून आलटून-पालटून लावावे लागतात.

निर्वात नळीतही थोडा वायू उरतोच, आणि गंमत म्हणजे तोच उपयोगी पडतो. प्रोटॉनच्या धडकेने त्याच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. धन प्रभाराचा झोत त्यांना धरून ठेवतो आणि संथ धन आयन भिंतीकडे लोटतो. झोत असा स्वतःच विरळ प्लाझ्मा तयार करतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन आपसांतले ढकलणे बरेचसे शमवतात. वायू जास्त झाला तर मात्र प्रोटॉन इलेक्ट्रॉन पकडून उदासीन होतात आणि चुंबकाला जुमानत नाहीत. विद्युत भिंगांऐवजी चुंबक वापरण्याचे एक कारणही हेच आहे: विद्युत भिंग हे इलेक्ट्रॉन ओढून नेते.

हा प्लाझ्मा जमायला काही दशक मायक्रोसेकंद लागतात. तोवर निघालेले स्पंदाचे टोक त्याच्या आधाराविनाच पुढे जाते.