मेद, हृदय आणि हैदराबादचें क्लोरोफॉर्म कमिशन

धाराशिव जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्याच राज्याच्या राजधानींत १८८८ व १८८९ सालीं हृदयाच्या ठोक्यावरून एक मोठा वाद झडला.

स्थूल माणसाचें आयुष्य खुंटतें, ही गोष्ट जुन्या वैद्यांना ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले असून आयुष्याचा ऱ्हास त्यांत पहिला आहे. मरण येतें कसें, हें मात्र कोणासही उलगडलें नव्हतें. १८५० सालीं लंडनच्या रिचर्ड क्वेन यांनीं हृदयावर सांचणारी चरबी आणि हृदयाच्या स्नायूचाच मेदमय ऱ्हास ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत असें दाखविलें. पण क्लोरोफॉर्म हुंगवितांना रोगी दगावला, कीं हृदय मेदानें ग्रासलें होतें असें म्हणून मोकळें होणें सोपें होतें! वस्तुतः १८४८ सालीं क्लोरोफॉर्मचा पहिला बळी ठरली ती पायाच्या नखावरील शस्त्रक्रियेसाठीं आलेली अवघी १५ वर्षांची मुलगी.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा कीं, लक्ष ठेवावें तें श्वासाकडे, नाडीकडे नव्हे. श्वास आधीं थांबतो, हृदय मागाहून. निजाम मीर महबूब अली खान यांनीं एक हजार पौंड देऊं करून ‘लॅन्सेट’ पत्राकडून तज्ज्ञ मागविला. लॉडर ब्रन्टन आले ते विरुद्ध मताचे. शेकडों प्राण्यांवर प्रयोग केल्यावर त्यांनीं लॉरींचेंच मत पत्करलें. विलायतेंतील शंका मात्र फिटली नाहीं, आणि ती रास्तच होती. १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं मांजरांवरील प्रयोगांतून दाखविलें कीं, हलक्या भुलेंत निरोगी हृदयही एकाएकीं नुसतें थरथरूं लागतें व रक्त फेकीनासें होतें. लॉरींच्या शिष्यांनीं नाडीवरचें बोट काढलें होतें, तें नेमकें अशा वेळीं.

मग मेद निर्दोष ठरला काय? नाहीं, त्याची वाट निराळी आहे. अतिस्थूलाच्या हृदयाचे वरचे कप्पे ताणून रुंदावतात, भोंवतालची चरबी त्यांच्या भिंतींस बाधते, झोपेंत घोरतांना श्वास अडून प्राणवायु तुटतो. त्यांतून ठोका विस्कळित होतो. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवच्या पाहणींतून २००४ सालीं दिसलें कीं, उंचीच्या मानानें वजन मोजणारा अंक एकानें चढला कीं हा धोका सुमारें ४ टक्क्यांनीं वाढतो. २०१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथें हा विकार जडलेल्या स्थूल रोग्यांची पाहणी झाली. ज्यांनीं वजनाचा दहावा हिस्सा वा अधिक उतरविला, त्यांचा ठोका सुरळीत राहण्याचा संभव इतरांच्या सहापट आढळला.