ध्वज उतरला, कागद राहिला: गोव्यातल्या खाणींच्या पोर्तुगीज परवान्यांची गोष्ट

आज आपल्याला गोव्याबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात आपण नाशिकरोडपासून करू या.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. १५१० पासूनची सत्ता दोन दिवसांत संपली. त्यानंतर गोव्यातले कागद बदलायला लागले. एस्कुदोच्या नोटा गेल्या, भारतीय रुपया आला. पोर्तुगीज टपाल तिकिटं गेली, भारतीय तिकिटं आली. त्या नोटा आणि ती तिकिटं कुठे छापलेली होती? आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यांत. म्हणजे गोव्याच्या मुक्तीनंतर तिथे जे नवे सरकारी कागद पोचले, त्यातले लोकांच्या रोज हातात पडणारे बरेचसे आपल्या गावातून गेले होते.

पण एक कागद बदलला नाही. त्याच्यावर पोर्तुगीज सरकारची मोहोर होती आणि तो पुढे अनेक दशकं चालला. तो कागद म्हणजे खाणीचं कन्सेशन. ध्वज बदलल्यावर जुन्या सरकारने दिलेल्या शब्दाचं काय होतं, हा आपला आजचा विषय आहे.

कन्सेशन म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घेऊ. पोर्तुगालने २० सप्टेंबर १९०६ रोजी आपल्या वसाहतींसाठी खाणींचा कायदा केला. त्याची रीत अशी होती: एखाद्याला कुठे खनिज आढळलं की त्याने त्या शोधाची सरकारदरबारी नोंद करायची, मग जागेची मोजणी करून घ्यायची आणि अटी पुऱ्या झाल्या की सरकारने त्याला कन्सेशन द्यायचं. आपल्याकडचा खाणपट्टा आणि हे कन्सेशन यात एक मोठा फरक होता. खाणपट्ट्याला मुदत असते. कन्सेशनला मुदत नव्हती. अटी पाळल्या तर ते कायमचं. वारसांना देता येई, विकताही येई. म्हणजे वरची जमीन गावाची, तिथे शेतं, कुळागरं, विहिरी, आणि खालचं लोखंड मात्र कायमचं कन्सेशनवाल्याचं.

सुरुवातीची बरीच वर्षं या कागदाला फारशी किंमत नव्हती. ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानला कारखाने पुन्हा उभे करायचे होते आणि त्यांना लोहखनिज हवं होतं. १९५० च्या सुमारास डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या खाणीत जपानी यंत्रं आली. यंत्रांचे पैसे रोख द्यायचे नव्हते, पुढे पाठवायच्या खनिजातून ते फेडायचे होते. तोवर कुदळ, घमेलं आणि बायाबापड्यांच्या डोक्यावरची टोपली यांवर चालणारा धंदा यंत्रांवर गेला. १९५४ च्या आसपास निर्यात दहा लाख टनांपर्यंत पोचली.

आता याच काळातलं राजकारण शेजारी ठेवून पाहू. २७ फेब्रुवारी १९५० ला भारताने पोर्तुगालला कळवलं की गोव्याच्या भवितव्याबद्दल बोलणी करू या. पोर्तुगालने नकार दिला. १९५१ मध्ये सालाझार सरकारने घटनाच बदलली आणि वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचा भाग, मग बोलणी कसली? जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वतंत्र झाली. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून गेलेले कितीतरी जण होते. त्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी आवळली. कॅसलरॉककडून मुरगावला जाणारी रेल्वे बंद, मालाची ये-जा बंद, मुंबईतल्या गोवेकरांनी घरी पाठवायच्या पैशांवर निर्बंध.

वरवर पाहता ही कोंडी पक्की होती. पण तिला एक बाजू उघडी होती, ती म्हणजे समुद्र. डिचोली-सांगेकडचं खनिज ट्रकने नदीकाठी यायचं, तिथून बार्जमधून मांडवी आणि जुवारीतून मुरगाव बंदरात आणि तिथून जहाजाने थेट जपान-युरोपला. या सगळ्या वाटेवर भारताची हद्द कुठेच लागत नव्हती. म्हणजे बघा, जमिनीवरून तांदूळ-बटाटे थांबले, पण पाण्यावरून लोखंड चालू राहिलं. त्या लोखंडाच्या पैशातून बाहेरून माल आणता येत होता. नाकेबंदी सहा वर्षं चालूनही पोर्तुगीज गुडघे टेकत नव्हते, याच्या कारणांत या खाणी एक मोठं कारण होत्या. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, पण ते दादरा-नगर हवेलीला जायच्या वाटेवरून. १२ एप्रिल १९६० ला त्याचा निकाल लागला. त्या खटल्यात खाणींचा विषय नव्हता. लिस्बनला वाट हवी होती ती सैनिक आणि अधिकाऱ्यांसाठी. खनिजाची वाट मोकळीच होती.

मग आला १९६१ चा डिसेंबर. आता प्रश्न असा: हरलेल्या सरकारने दिलेला परवाना जिंकलेल्या सरकारने पाळायचा का?

यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर स्पष्ट होतं. दमणच्या एका व्यापाऱ्याकडे पोर्तुगीज सरकारने १९६१ च्या शेवटच्या महिन्यांत दिलेले आयात परवाने होते. ते भारताने मानावेत म्हणून तो न्यायालयात गेला. १९६५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जुन्या सत्तेने दिलेला हक्क नव्या सत्तेने मान्य केला तरच टिकतो, नाही तर तो नव्या सत्तेच्या न्यायालयात मागता येत नाही. व्यापाऱ्याचे परवाने तिथेच संपले.

खाणींची कन्सेशन्स मात्र संपली नाहीत. १९६२ च्या कायद्याने गोव्यात आधीपासून लागू असलेले कायदे, बदल होईपर्यंत, चालू ठेवले. १ ऑक्टोबर १९६३ पासून भारताचा खाणकायदा तिथे लागू झाला, पण पोर्तुगीज कन्सेशन म्हणजे भारतीय कायद्यातला खाणपट्टा का, यावर वाद सुरू झाला. १९७५ मध्ये केंद्राच्या अधिकाऱ्याने नोटिसा काढल्या की हे पट्टेच आहेत. कन्सेशनवाले म्हणाले, आमचा हक्क कायमचा आहे, त्याला पट्टा म्हणता येणार नाही. १९८३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मानलं. म्हणजे मुक्तीला बावीस वर्षं झाली होती, पोर्तुगालनेही ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात भारताचं सार्वभौमत्व मान्य करून टाकलं होतं, आणि तरीही पोर्तुगीज मोहोर जिवंत होती!

शेवटी संसदेने १९८७ मध्ये खास कायदा केला: सगळी कन्सेशन्स रद्द, ती २० डिसेंबर १९६१ पासून खाणपट्टेच होती असं समजावं. या कायद्यावर २३ मे १९८७ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि ३० मे ला गोवा राज्य झालं.

असं फक्त आपल्याकडेच झालं का? नाही. प्रशांत महासागरात नाउरू नावाचं जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट आहे. आपल्या नाशिक शहराच्या कितीतरी लहान. तिथे फॉस्फेटचे साठे होते. जर्मन अमलात एका कंपनीने ते काढायला सुरुवात केली. १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने बेट घेतलं आणि युद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या तीन दोस्तांत फॉस्फेटवरून ओढाताण झाली. जुलै १९१९ मध्ये त्यांनी वाटणी ठरवली: ४२, ४२ आणि १६ टक्के. कंपनीला ३५ लाख पौंड देऊन तिचा हक्क विकत घेतला. म्हणजे जर्मन ध्वज गेला, पण त्याच्याखाली मिळालेल्या हक्काची किंमत चुकती झाली. ज्यांचं बेट होतं त्यांना मात्र त्या वाटणीत कुणी विचारलं नाही.

१९६८ मध्ये नाउरू स्वतंत्र झालं. १९८९ मध्ये ते हेगच्या न्यायालयात गेलं आणि म्हणालं, स्वातंत्र्याआधी तुम्ही आमची जी जमीन उकरून ठेवलीत, ती पूर्ववत कोण करणार? १९९२ मध्ये न्यायालयाने खटला ऐकायचं मान्य केलं आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल करून तडजोड केली.

गोव्यात हा प्रश्न परक्या देशाला विचारायची सोय नव्हती. १९६१ नंतर उकरलेला प्रत्येक टन आपल्याच राज्यात उकरला गेला. एक टन खनिजामागे दोन ते तीन टन टाकाऊ माती निघते. ती माती पावसाळ्यात शेतात आणि ओढ्यात उतरली. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या तशा गावोगावच्या विहिरी आटल्या. २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांवर गेली होती. २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९८७ च्या कायद्याने पट्टे ठरलेल्या या खाणींची वाढीव मुदतसुद्धा २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली. त्यानंतर काढलेलं सगळं बेकायदा. राज्याने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, तेही ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द झालं.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. कन्सेशनवाले बहुतेक गोवेकरच होते, त्यांनी भांडवल घातलं होतं. खाणी थांबल्या तेव्हा ट्रक आणि बार्ज नुसते उभे राहिले, कर्जाचे हप्ते थकले, हजारो घरांची चूल अडली. ती माणसं पोर्तुगीज कायद्याने श्रीमंत झालेली नव्हती. ती फक्त त्या धंद्याला बांधली गेली होती.

म्हणून आपल्याला वाटतं की या इतिहासातला खरा वाद लिस्बन आणि दिल्ली यांच्यातला नाही. दोन्ही राजधान्यांनी खनिज कुणाच्या मालकीचं, एवढंच विचारलं. वरच्या विहिरीचं काय, हे १९०६ च्या कागदात नव्हतं आणि १९८७ च्या कागदातही तो प्रश्न मुख्य नव्हता. २०२२ पासून गोव्यात खाणींचे नवे लिलाव सुरू झाले आहेत. डिचोली आणि शिरगावची नावं त्या यादीत पुन्हा आहेत. आता पट्ट्याला पन्नास वर्षांची मुदत असते. कायमचा शब्द कुणी देत नाही, ही सुधारणाच म्हणायची. पण पन्नास वर्षं म्हणजे दोन पिढ्या. तो नवा कागद वाचताना त्यात विहीर कुठे आहे, हे आपण आधी शोधायला हवं.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.