टोपी उतरली की चित्ता सुटे

काळवीट माणसाला बिचकते, घोडेस्वाराला बिचकते, कुत्र्याला तर फारच. बैलगाडीला मात्र बिचकत नाही. कडबा, शेणखत, बाजाराला निघालेली माणसे घेऊन रोज माळाच्या कडेने जाणारी गाडी त्याच्या नजरेला सरावलेली असते. देशावरच्या माळरानांत शेकडो वर्षे खेळली गेलेली एक शिकार याच सवयीवर उभी होती. त्या गाडीत पोती नसत. चित्ता असे. कमरेला आणि गळ्यात पट्टा, डोळ्यांवर चामड्याची टोपी, शेजारी त्याला सांभाळणारा चित्तेवान.

गाडी सरळ कळपाच्या रोखाने कधीच जात नसे. ती तिरकी जाई, वळसा घेई, थांबे, पुन्हा चाले आणि अशा रीतीने शे-दीडशे पावलांवर येऊन पोचे. मग चित्तेवान टोपी काढून चित्त्याचे तोंड कळपाकडे वळवी. चित्ता कधी गाडीतूनच झेप घेई, कधी खाली उतरून ढेकळांच्या आडोशाने पोट जमिनीला टेकवत पुढे सरके. यानंतरचे सगळे काही सेकंदांत आटपे. तासाला शंभर किलोमीटरच्या आसपास जाणारा हा प्राणी तो वेग काहीशे मीटरच टिकवू शकतो. तेवढ्यात काळवीट हाती लागले तर लागले. नाही तर तो धापा टाकत बसून राही आणि त्याला पुन्हा गाडीत चढवायला मनधरणी करावी लागे. शिकार साधली, तर चित्त्याचे दात काळविटाच्या गळ्यात रुतलेले असतानाच चित्तेवान धावत पोचे, जनावराचा गळा चिरी, लाकडी पळीत गरम रक्त धरी आणि ती चित्त्याच्या नाकाशी नेई. चित्ता रक्ताकडे वळला की टोपी पुन्हा डोळ्यांवर. या कसबातला सर्वांत नाजूक क्षण धावण्याचा नव्हता, हा होता.

इथे बिबट्याचा घोटाळा करून चालणार नाही, आणि जुन्या कागदपत्रांत तो सर्रास झालेला आहे. चित्ता अंगाने सडपातळ, लांब पायांचा. त्याच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. बिबट्या झाडी, नाला, ऊस, गावकूस कुठेही निभावून नेतो. चित्त्याला मोकळा माळ लागतो आणि त्या माळावर काळवीट, चिंकारा लागतात.

या शिकारीचा भारतातला सर्वांत जुना उल्लेख म्हणून ज्या ग्रंथाकडे बोट दाखवले जाते तो दख्खनचाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ इ. स. 1129 च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राजाच्या करमणुकींच्या लांबलचक यादीत चित्त्याची शिकारही आहे. पुढे दिल्लीच्या सुलतानांनी हा शौक उचलला आणि मुघलांनी तो कळसाला नेला. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने चित्त्यांच्या प्रतवाऱ्या आणि त्यांचा खुराक नोंदवला आहे; पहिल्या प्रतीच्या चित्त्याला रोज 5 शेर मांस मिळे. समंद मानिक नावाच्या अकबराच्या लाडक्या चित्त्याला पालखीतून नेण्यात येई आणि पुढे नगारा वाजे. माणसांच्या पदरी क्वचित येणारा मान जनावराला मिळाला, हे दरबारातल्या काही जणांना झोंबलेही असेल.

अकबराने एका वेळी हजार चित्ते जमवले होते, असे त्याचा मुलगा जहांगीर लिहितो. या चित्त्यांची वीण व्हावी म्हणून बादशहाने केलेला खटाटोप मात्र फसला. नर-मादी बागेत मोकळी सोडली तरी ती जुळली नाहीत. जहांगीरच्या काळात एक नर साखळीतून निसटला, मादीपाशी गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्ले झाली. हे त्याला इतके नवलाचे वाटले की त्याने ते आत्मचरित्रात लिहून ठेवले. नवल खरेच होते. बंदिवासातल्या चित्त्याला पिल्ले झाल्याची त्यानंतरची पक्की नोंद थेट 1956 मधली आहे, आणि तीही अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली.

या एका गोष्टीत चित्त्याचा पुढचा सगळा इतिहास दडला आहे. चित्त्याची वीण दरबारात होत नव्हती. प्रत्येक चित्ता रानातूनच आणावा लागे. त्यातही पिल्लू चालत नसे. आईकडून शिकार न शिकलेले पिल्लू पुढे शिकारीच्या कामाचे नाही, असा पारध्यांचा अनुभव होता. म्हणजे धरायचे ते धडधाकट, शिकार करून खाणारे, वीण वाढवू शकणारे जनावर. चित्त्याचे शत्रू अनेक होते, पण त्याच्यावर जीव टाकणारे शौकीनही त्यांत मोडतात, हे मान्य करायला हवे.

धरण्याचे काम पारध्यांचे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पारध्यांच्या पोटभेदांत फासेपारध्यांसोबत चित्तेवाले पारधीही नोंदवले आहेत. त्यांची रीत साधी आणि पक्क्या निरीक्षणातून आलेली होती. चित्ते ठराविक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, बुंध्यावर नख्या घासतात, खूण ठेवून जातात. पारधी असे झाड हेरत आणि भोवती हरणाच्या तातीचे फासे मांडून दबा धरत. पाय अडकला की जनावराला दाबून, बांधून, डोळे झाकून बाजेवर आणत. आजही आफ्रिकेत चित्त्यांना रेडिओ पट्टे लावणारे संशोधक पिंजरे मांडतात ते अशाच झाडांपाशी.

पुढची तालीम सोशिकपणाची. स्टर्नडेल याच्या 1884 च्या सस्तन प्राण्यांवरील पुस्तकात तिचे मजेदार वर्णन सापडते. नव्या चित्त्याला बाजेला बांधून ठेवत आणि बायकामुलांना त्याच्याजवळ दिवसभर बसून गप्पा मारत राहायला सांगत. माणसाच्या आवाजाची त्याला सवय व्हावी, एवढाच हेतू. चित्ता वश केल्याचे श्रेय कागदोपत्री राजांना आणि दारोग्यांना मिळाले. त्या बडबडीचे श्रेय कुणी कुणाला दिल्याचे दिसत नाही.

मराठी संस्थानांत हा शौक उशिरापर्यंत टिकला. बडोद्यात खंडेराव गायकवाडांचा पाहुणा म्हणून राहिलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने 1860 च्या दशकातली तिथली चित्त्याची शिकार वर्णिली आहे. 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्याला आला, तेव्हा त्यालाही ती दाखवण्यात आली. पण विसाव्या शतकात नाव झाले ते कोल्हापूरचे. शाहू महाराज आणि भावनगरचे भावसिंहजी धारवाडला शिक्षक फ्रेझर यांच्या हाताखाली एकत्र शिकले, दोघांची मैत्री जन्मभर राहिली आणि चित्त्यांची शिकार सर्वांत शेवटपर्यंत नियमित चालली ती याच दोन संस्थानांत. कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतही ती सुरू होती. बैलगाडीची जागा हळूहळू घोडागाडीने आणि मोटारीने घेतली. चित्तेवान तेच राहिले, चित्ते मात्र बदलले होते.

देशी चित्ता मिळेनासा झाला होता. काही भागांत ब्रिटिश सरकार चित्ता मारणाऱ्याला इनाम देई. माळ नांगराखाली जात होते आणि बंदुकीमुळे काळविटांचे कळप विरळ होत होते. मग संस्थानिकांनी आफ्रिकेकडे मागणी नोंदवली. 1918 ते 1945 या काळात किमान 200 आफ्रिकी चित्ते बोटीने भारतात आले, अशी नोंद चित्त्यांचे इतिहासकार दिव्यभानुसिंह यांनी केली आहे. म्हणजे आफ्रिकेतला चित्ता भारतात पहिल्यांदा 2022 साली आला, हे चूक आहे. कोल्हापूरच्या रयतेने माळावर धावताना पाहिलेले शेवटचे चित्ते बहुतेक परदेशीच होते. 1940 च्या सुमारास जॉन आणि फ्रँक क्रेगहेड हे अमेरिकन जुळे भाऊ भावनगरला राहून गेले. या शिकारीची त्यांनी घेतलेली छायाचित्रे मावळत्या खेळाची आहेत.

रानातला शेवटही त्याच दशकातला. 1947 मध्ये आजच्या छत्तीसगढमधल्या कोरियाचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्रीच्या वेळी तीन चित्ते मारले. त्याची हकीकत छायाचित्रासह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे पाठवली गेली. सोसायटीच्या नियतकालिकाने ती 1948 मध्ये छापली, पण संपादकांनी खाली संतापाचा शेरा जोडला. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पारध्यांसह अनेक जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारणारा कायदाही 1952 मध्येच संपला. शिक्का पुसला, तोवर ज्या जनावरावर चित्तेवाल्यांचे पोट होते ते उरले नव्हते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकारही बंद झाली, त्यामुळे फासेपारध्यांचीही वाट अडली.

17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्या मार्चमध्ये नामिबियाच्या एका मादीला तिथे चार पिल्ले झाली. मे महिन्याच्या उन्हात त्यांतली तीन दगावली. उरलेल्या एका मादी पिल्लाला वनकर्मचाऱ्यांनी हातावर वाढवले, आणि आईशिवाय वाढलेला चित्ता शिकार कशी शिकणार, हा पारध्यांच्या फडावरचा जुना प्रश्न तिच्यामुळे पुन्हा उभा राहिला.